आधीची ओळ

अहरोन हझाननी शेवटची ओळ वाचली आणि ते थांबले.

तिथं ते नेहमीच थांबायचे. घसा खाकरायचे, चष्मा नाकावर वर सरकवायचे आणि शेवटच्या ओळीच्या आधीची ओळ पुन्हा एकदा म्हणायचे. पुस्तक मिटायचं ते त्यानंतर. शब्बाथ आणि नव्या महिन्याचा पहिला दिवस एकत्र आले, की आमच्या मशिदीत यशया नबीचा शेवटचा अध्याय वाचतात. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. प्रार्थनेच्या घराला आमची जुनी माणसं मशीदच म्हणत आणि प्रार्थना चालवणाऱ्याला हझान. त्या अध्यायाची शेवटची ओळ ऐकवत नाही. लोक बाहेर जातील आणि देवावर उलटलेल्यांची प्रेतं पाहतील, त्यांचा किडा मरणार नाही, त्यांची आग विझणार नाही. नबीचं बोलणं तिथं संपतं. पण आपण तिथं संपवायचं नाही, हा रिवाज. एक ओळ मागे जायचं: महिन्यामागून महिना, शब्बाथामागून शब्बाथ, सगळे देह माझ्यापुढे येतील, असं परमेश्वर म्हणतो. मग घरी जायचं.

हे मला अहरोनकाकांनीच शिकवलं होतं, मी परकर नेसायच्या वयाची असताना. मी विचारलं होतं, "नबीनं रागावून पुस्तक संपवलं, तर ते बदलणारे आपण कोण?" मुलीच्या जातीनं एवढं विचारू नये, असं बाकी सगळ्यांचं मत. काकांचं नव्हतं. ते म्हणाले, "आई चिडली की पोराला बाहेर काढते नि दार लावते. पण कडी घालते का गो? नबीनं नुसतं दार लावलंय. आपण ढकलून बघायचं."

त्या शनिवारी कडी घातली गेली.

काकांनी घसा खाकरला नाही. चष्मा सरकवला नाही. त्यांचे ओठ एकदा उघडले, हे मी बायकांच्या जाळीतून पाहिलं, आणि पुन्हा मिटले. त्यांनी पुस्तक बंद केलं, त्यावर पालथा हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मशिदीत कुणी खोकलंसुद्धा नाही. माझा नवरा हनोख दाराशी उभा होता, उंबऱ्याच्या आत, पण जेमतेम. सगळ्या माना एकदा त्याच्याकडे वळल्या आणि परत फिरल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात तेव्हा पद्धत नव्हती. आता तो ऐकायला नाही, म्हणून घेते, आणि अरे-तुरेही करते.

प्रार्थना संपली की हातबोशी व्हायची. हझान दोन्ही हात पुढं करणार, शेजारच्यानं ते आपल्या हातांत घ्यायचे, सोडायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची. मग त्यानं पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. हझानपासून निघालेली शांती अशी हातोहात दारापर्यंत पोचायची. त्या दिवशी ती पोचली नाही. हनोखच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसानं आपली बोटं ओठांना लावली आणि हात खिशात घातले. हनोखचे दोन्ही हात पुढं झाले होते. ते त्यानं कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ते पाठीमागे नेले.

मला संताप आला, तो त्या खिशात हात घालणाऱ्याचा नव्हे. मला अहरोनकाकांचा संताप आला.

काय झालं होतं ते सांगते. आमच्या गावापासून पलीकडच्या बंदरावर जायचं तर खाडी ओलांडावी लागे, आणि खाडीवरची तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायचा हनोख. होडी चांगली होती, हातही चांगला होता. खोट एकच, की त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. घरी पाहुणा आला की उठू द्यायचा नाही, होडीशी माणूस आला की मागे ठेवायचा नाही. मी त्याला म्हणायची, "तुमच्या होडीत देवानं जागा मोजून दिल्येय, तुमच्या तोंडाला माप नाही दिलं." तो हसायचा.

त्या मंगळवारी सण उरकून सगळे चाकरमानी मुंबईला परत निघाले होते. त्यांत अहरोनकाकांचा गिदोन होता, त्यांचा एकुलता एक. पोरगा गिरणीत लागला होता, पायांत नवे बूट घालून आला होता आणि आठवडाभर सगळ्या गावाला ते दाखवून झाले होते. ओहोटीचं उरलंसुरलं पाणी अजून बाहेर धावत होतं, वारा समोरून होता. होडी भरली. गिदोन शेवटी आला. त्यानं होडीच्या काठाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हनोखभाऊ, पाणी अगदी काठाला आलंय. माझे बूट भिजतील. मी पुढच्या खेपेला येतो."

आणि हनोख म्हणाला, "बस रे, बस! एवढ्यानं काय होतंय!"

खाडीच्या मध्यावर लाट आडवी आली आणि होडी पालथी झाली. कोळ्यांच्या होड्या जवळ होत्या, त्यांनी एकेकाला ओढून काढलं. सगळे सापडले. गिदोन सापडला नाही. त्याला पोहता येत होतं, पण बूट जड होते.

हनोखचं ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. वाचलेल्यांनीच सांगितलं, आणि त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. पहिले दोन दिवस हनोख अन्नपाण्याशिवाय खाडी धुंडाळत होता. तिसऱ्या दिवशी इसाजी मुकादम आमच्या ओट्यावर आले. मुकादम म्हणजे आमच्या समाजाचे पुढारी, आवाज कधी न चढवणारा माणूस. म्हणाले, "हनोख, ती होडी वर ओढून ठेव. अहरोनभाऊच्या घरातनं खाडी दिसते. गिदोनच्या आईच्या डोळ्यांपुढं ती होडी फिरायला नको."

"काका, मी नाही शोधायचं तर कोण?"

"कोळी शोधतायत. ते म्हणतात, ओहोटीनं समुद्रात नेलाय. आता मिळायचा नाही." मग ते म्हणाले, "शनिवारी मशिदीत ये. मागं उभा ऱ्हा. अहरोनभाऊला तू चालत असशील, तर गावाला काय म्हणायचं नाही. नसशील, तर मग तू नि तुझी बायको तुमचं बघा."

म्हणून आम्ही त्या शनिवारी गेलो होतो. मी रात्रभर एकच धरून बसले होते: काका आधीची ओळ म्हणतील. ती म्हटली, की आम्ही वाचलो. ते म्हणतीलच. त्यांनीच तर मला ढकलून बघायला शिकवलं.

घरी आल्यावर हनोख मागच्या पडवीत बसला. मी ताट वाढलं, त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "बरोबर केलं त्यांनी."

"काय बरोबर केलं?"

"आग नि किडा. माझ्या वाटचं तेवढंच."

"देवानं सांगितलं का तुम्हाला कानात येऊन?"

"हझाननी सांगितलं."

त्याच्या बोलण्यात रडणं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. माणूस रडतो तोवर त्याला काहीतरी हवं असतं. हनोखला आता काही नको होतं. तो खाडीकडे पाहत होता, आणि ते पाहणं मला आवडलं नाही.

मी डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. "कुठं जातेस?" त्यानं विचारलं. मी तोवर उंबरा ओलांडला होता.

अहरोनकाकांचं दार उघडंच होतं. मिलकाबाय, त्यांच्या बायको, भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक पाट मांडलेला, पाटापुढे ताट, ताटात भात. मला आधी वाटलं काकांचं ताट असेल. पण काका दुसऱ्या कोपऱ्यात होते. देह हाती लागत नाही किंवा घरचे आशा सोडत नाहीत, तोवर आमच्यात सात दिवसांचं सुतक धरता येत नाही, आणि मिलकाबायनी आशा सोडली नव्हती. त्या घरात दुःखाला बसायलाही परवानगी नव्हती. ते ताट पाहून माझा अर्धा राग तिथंच गळाला. उरलेला मी घट्ट धरून ठेवला.

"काका, तुम्ही ओळ गाळलीत."

त्यांची मान खालीच होती.

"आमचा गुन्हा आहे. मी नाही म्हणत नाही. तुम्ही त्यांच्या तोंडावर थुंकला असतात तरी मी पुसून घेतलं असतं. पण तुम्ही देवाच्या तोंडानं बोललात. तुम्ही आम्हाला आगीत नि किड्यांत उभं करून पुस्तक मिटलंत. देवसुद्धा तिथं थांबत नाही असं मला कुणी शिकवलं?"

काकांनी मान वर केली. मी कोण आहे हे आठवायला त्यांना वेळ लागला, असं वाटलं.

"तुम्हाला?" ते म्हणाले. "सेगुला, हनोख माझ्या ध्यानातच नव्हता."

मी उभीच राहिले. एवढा वेळ मी भांडायला शब्द जुळवले होते, त्यांतला एकही उपयोगाचा राहिला नाही.

"लोक बाहेर जातील नि प्रेतं पाहतील," काका म्हणाले. "वाचलं ना मी? मी चार दिवस तेच करतोय. पहाटे उठतो, बाहेर जातो. बांधावर जातो, बंदरावर जातो. कोळणीच्या टोपल्यासुद्धा बघितल्या गो मी, काय सांगू. मला काय दिसत नाही. आज ती ओळ वाचताना मनात आलं, ही शिक्षा आहे? ही? एक प्रेत बघायला मिळालं, तर मी देवाचे पाय धरीन."

मिलकाबायनी डोळे मिटून घेतले.

"मग तिथंच थांबलात," मी म्हटलं. "आधीची का नाही म्हटलीत?"

"तोंड उघडलं होतं." त्यांचा हात गळ्याकडे गेला. "सगळे देह माझ्यापुढे येतील. सगळे! मी शब्द जिभेवर घेतला नि तो पुढं जाईना. सगळे कुठले? माझा एक तर आलेला नाही. देवाच्या घरात, त्याच्या पुस्तकावर हात ठेवून खोटं कसं बोलू?" मग ते स्वतःशीच म्हणाले, "एवढी वर्षं शिकवलं पोरांना. ही कोपाची ओळ, ही दयेची. मला तरी कुठं ठाऊक होतं कुठली कुठली आहे ते."

मी खाली बसले. मला काकांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण त्यानं त्यांना काहीच मिळालं नसतं. त्यांना हवं होतं ते एकच होतं, आणि ते कुठं असेल हे फक्त एका माणसाला सांगता येत होतं. त्याच्याशी गाव बोलत नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "ह्यांचं म्हणणं आहे, कोळी चुकतायत. ओहोटी तेव्हा संपत आली होती. गिदोन समुद्रापर्यंत पोचायच्या आधी भरती लागली असणार. तिनं त्याला आत परत आणलाय. वरच्या अंगाला, कांदळात. उद्या उधाणाची ओहोटी. एरवी दिसत नाही तेवढा चिखल उघडा पडेल."

"मग हा गेला का नाही?"

"मुकादमांनी मना केलंय. तुमच्या डोळ्यांपुढं ती होडी नको म्हणून."

"मी कधी म्हटलं?" काका एकदम ओरडले. त्या घरातला तो पहिला मोठा आवाज. "मी कधी म्हटलं असं?"

मिलकाबायनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई मला घालवून देणार. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, पहाटेच जा. पाणी परत चढायच्या आत."

शब्बाथला होडी हलवता येत नाही. रविवारी उजाडताना आम्ही दोघांनी होडी पाण्यात लोटली. हनोखला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं नुसतं ऐकून घेतलं. मी मागे काठी घेऊन उभी राहिले, कारण त्याच्या होडीत दुसरं कुणी पाय ठेवणार नव्हतं. तेवढ्यात बांधावरून अहरोनकाका येताना दिसले. अनवाणी, धोतर वर खोचलेलं, काखेत घडी केलेला सिसीथ, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी अंगावर घ्यायची त्यांची पांढरी शाल.

ते होडीपाशी येऊन थांबले. उतारू आला की हनोखचं तोंड ज्या शब्दानं उघडायचं, तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. बसा म्हणणार कसा? काकांनी वाट पाहिली नाही. त्यांनी काठाला धरलं, पाय आत टाकला आणि माझ्याकडे पाठ करून मधल्या फळीवर बसले. ज्या फळीवर गिदोन बसला होता, तीच. हे त्यांना माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. हनोखला माहीत होतं.

पाणी खूप मागे गेलं होतं. दोन्ही अंगांना चिखलाच्या उतरणी उघड्या पडल्या होत्या, काळ्या आणि चकचकीत. वरच्या अंगाला कांदळाची दाट झाडी, तिच्यात शिरणाऱ्या पाण्याच्या बारीक नाळी. एकेका नाळीच्या तोंडाशी हनोख होडी थांबवायचा, बघायचा, मान हलवायचा. वास आधी आला. काकांना तो आला हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मग बूट दिसला. मुळांच्या जाळ्यातून बाहेर आलेला त्याचा तळ, त्यावर चिखल, पण टाच अजून नवी.

"तुम्ही बसा," हनोख म्हणाला. पाच दिवसांत काकांशी बोललेला तो पहिला शब्द, आणि बोलल्यावर तो स्वतःच दचकला. होडी नाळीत शिरत नव्हती. तो खाली उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. एकेक पाय उपसत, मुळांना धरत तो आत गेला. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मुळं मोडल्याचा आवाज येत होता. त्यानं गिदोनला सोडवलं आणि छातीशी धरून, चिखलावरून ओढत होडीपर्यंत आणलं. म्हणाला, "काका, तोंड बघू नका."

काकांनी ऐकलं नाही. त्यांनी बघितलं. मग सिसीथ उलगडला आणि मुलाला त्यात घेतलं. आम्ही तिघांनी मिळून त्याला होडीत निजवलं. काकांनी हंबरडा फोडला नाही. ते फक्त "आला," म्हणाले. "आला, आला," असं दोन-तीनदा.

भरती लागली होती. नाळीत पाणी परत शिरत होतं, उधाणाचं पाणी, बघता बघता चढणारं. होडी हलकेच उचलली गेली. हनोख मात्र जिथं होता तिथंच उभा राहिला, कमरेपर्यंत चिखलात आणि पाण्यात. त्याचा एक हात होडीच्या काठावर होता. तो त्यानं काढून घेतला.

"अहो, वर या," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढं."

"पुढं काय व्हा? पाणी चढतंय. वर या!"

"भार होईल," हनोख म्हणाला. "मी येतो मागनं. कांदळ धरून."

कांदळ धरून तिथून कुणी येत नाही. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की हा आज परत यायचाच नाही. आल्यापासून त्याचं हेच ठरलेलं होतं. पोराला बापाच्या हाती द्यायचं आणि इथंच राहायचं. मी त्याचं नाव घेऊन ओरडले. जन्मात पहिल्यांदा, परक्या पुरुषासमोर, नाव घेऊन. काठी टाकून मी उतरायला निघाले, तर होडी एका अंगाला कलली.

"सेगुला, हलू नको," अहरोनकाका म्हणाले.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एक हात मुलाच्या अंगावर होता, तो त्यांनी उचलला. दोन्ही हात काठाबाहेर पुढं केले.

"बस, हनोख," ते म्हणाले. "बस. एवढ्यानं काय होतंय!"

शब्द तेच, गिदोनला म्हटलेले, एकही कमी-जास्त नाही. हनोखचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. त्याला कुणी चाबकानं मारलं असतं तरी तो तसा झाला नसता. आणि काकांचे हात तसेच पुढं होते, हलत नव्हते.

पाणी त्याच्या छातीला लागलं, तेव्हा हनोखनं ते हात धरले.

म्हाताऱ्या माणसात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. काकांनी त्याला ओढून घेतलं आणि तो फळ्यांवर पालथा पडला, गिदोनच्या शेजारी, तोंड खाली करून. होडी त्या अंगाला काठापर्यंत कलली होती. मी पाहिलं, काकांनी आपले चिखलानं भरलेले हात डोळ्यांसमोर धरले. मग उजव्या हाताचा कोपर वर गेला. पाठीमागून मला तेवढंच दिसलं, कोपर वर गेला आणि खाली आला.

खाडीच्या मध्यावर, जिथं लाट आडवी आली होती तिथं, काकांनी घसा खाकरला. आणि शनिवारची राहिलेली ओळ त्यांनी म्हटली. मशिदीत म्हणायचे तशीच, सुरात, सगळे देह माझ्यापुढे येतील, असं परमेश्वर म्हणतो. हनोखनं तोंड वर केलं नाही. "आमेन" मी एकटीनंच म्हटलं.

त्याच दिवशी गिदोनला मातीत दिलं, आणि त्या घराला सात दिवस बसता आलं. गाव पुन्हा हनोखशी बोलू लागलं. हातबोशी दारापर्यंत पोचू लागली. अहरोनकाका मात्र मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, एक शब्दही नाही. हनोख आल्याशिवाय त्यांनी पुस्तकही कधी उघडलं नाही. तो उशिरा आला तर सगळी मशीद ताटकळत बसायची.

होडी त्यानं कोळ्यांना देऊन टाकली. पुढं आम्ही ठाण्याला आलो, तो कारखान्यात लागला, पोरं झाली, नातवंडं झाली. कुणी जेवताना सहज म्हणायचं, "घ्या हो अजून एक घास, एवढ्यानं काय होतंय," आणि हनोख हातातला घास ताटात ठेवून उठायचा. पोरांना वाटायचं, बाबा विक्षिप्त आहेत. मी त्यांना कधी काही सांगितलं नाही. आम्ही दोघंही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही.

तो बोलला शेवटच्या दुखण्यात. दुपारची वेळ होती, मी त्याला चमच्यानं पाणी पाजत होते.

"सेगुला, ते बोलले ते शिक्षा म्हणून बोलले की कशासाठी?"

कोण बोलले, कधी, हे मला विचारावं लागलं नाही. "मला ठाऊक नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

तो थकला होता. त्यानं चमचा हातानं बाजूला केला. "मी पालथा पडलो होतो. मला दिसलं नाही. माझे हात सोडल्यावर त्यांनी बोटं ओठांना लावली का गो?"

मला कोपर दिसला होता. वर गेलेला आणि खाली आलेला. काकांनी डोळे पुसले असतील. चिखल पुसला असेल. नाकावर हात धरला असेल, वास तसाच होता.

"लावली," मी म्हटलं.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हटलं. "दोन्ही हातांची लावली."

त्यानं तोंड उघडलं आणि मी चमच्यातलं पाणी त्याच्या ओठांत सोडलं.